गव्हाच्या अध्यक्षांच्या गोठ्यात वसुबारस

अमेरिकेहून आल्यापासून जो भेटतो तो नायगाऱ्याचं विचारतो. पाहिला बाई नायगारा. वरून पाणी पडत होतं, खाली आम्ही निळ्या कागदी रेनकोटात भिजत होतो आणि सगळे ‘वा वा’ म्हणत होते म्हणून मीही म्हटलं. पण अमेरिकेतलं काय आठवतं असं कुणी खरंच विचारलं, तर मी टेक्ससमधल्या एका गोठ्याचं नाव घेते. ऐकणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. मिरजेत काय गोठे कमी आहेत, असं त्याला वाटतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

आम्ही दोघी गेलो होतो. मी आणि माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं. त्यांचा एकुलता एक मुलगा सुधीर ऑस्टिनला चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. बरीच वर्षं तो “आई ये, आई ये” म्हणून पाठीस लागला होता. वन्सं एकट्या विमानात बसायला तयार नव्हत्या. आमच्या ह्यांना कोर्टातून सुट्टी नाही, तेव्हा सोबत म्हणून माझी वर्णी लागली. मला काय, आयतीच अमेरिका!

ऑस्टिन

सुधीरची बायको नीला नागपूरची, डॉक्टर. घर मोठं, स्वच्छ आणि दिवसभर रिकामं. ती दोघं कामावर गेली की आम्ही दोघी खिडकीशी बसून रस्त्यावर माणूस दिसतो का ते बघायचो. दिसायचा नाही. फक्त मोटारी. वन्सं म्हणायच्या, “कुसुम, ह्या गावातली माणसं मोटारीतच जन्मतात की काय गं?”

असे दिवस चालले होते आणि दिवाळी जवळ आली. एका सकाळी वन्संनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “सुधीर, शनिवारी वसुबारस आहे. मला गाय पाहिजे. वासरू असलेली.”

सुधीर टोस्टला लोणी लावत होता. सुरी तशीच हातात राहिली.

इथं मागचं थोडं सांगायला हवं. सुधीर वर्षाचा असताना त्याला घटसर्प झाला होता. घसा बंद, दूध आत जाईना, डॉक्टरांनी हात टेकलेले. नेमकी वसुबारस होती. दवाखान्याच्या मागं कुणीतरी गाय-वासरू बांधलं होतं. वन्सं तशाच बाहेर धावल्या, गाईचे पाय धरले आणि म्हणाल्या, “माझं वासरू वाचू दे, जन्मभर तुझं व्रत करीन.” दुसऱ्या दिवशी पोरानं दोन चमचे दूध गिळलं. तेव्हापासून वन्संनी एक वसुबारस चुकवली नाही. दिवसभर उपास, जिवंत गाय-वासराची पूजा, मग बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. त्या दिवशी दूध नाही, तूप नाही, गहू नाही. शहरातल्या बायका पाटावर रांगोळीनं गाय काढतात किंवा चांदीची गाय पुजतात. मी तसं सुचवून पाहिलं.

“रांगोळीच्या गाईचे पाय धरले होते का मी?” वन्सं म्हणाल्या. विषय संपला.

सुधीरचं म्हणाल तर त्याचा ह्या कशावर विश्वास नाही. पण आईला साखरेचा आजार. उपास म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या. तो म्हणाला, “आई, यू आर डायबेटिक. डॉक्टर सुनेला विचार.” सुनेनं हळूच अंग काढून घेतलं. सासूच्या आणि नवऱ्याच्या मध्ये पडण्याइतकी ती खुळी नाही.

मग दोन दिवस गाईचा शोध. एका डेअरीला फोन केला, त्यांनी शनिवारी कुणाला आत घेत नाही म्हणून सांगितलं. प्राणिसंग्रहालयात जिराफ होता, गाय नव्हती. शेवटी सुधीरनंच तोडगा काढला. ऑस्टिनहून तासाभरावर एका माजी अध्यक्षांचं लहानपणचं घर आणि त्यांच्या घराण्याची रँच, म्हणजे गुरांचं मोठं कुरण, जपून ठेवली आहे. रँच अजून चालू आहे, गाई आहेत, सरकारी बसमधून सगळं दाखवतात. “तुम्हांला हिस्टरी बघायला मिळेल, आईला काऊ,” तो म्हणाला.

त्या अध्यक्षांचं नाव वन्संना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. पण सुधीरनं त्यांचा काळ सांगितला तशी वन्संची ट्यूब पेटली. “म्हणजे लाल गव्हाच्या वेळचे?” आपल्याकडे पाऊस नव्हता ती वर्षं. रेशनवर अमेरिकेचा लाल गहू यायचा. त्याच्या पोळ्या दुसऱ्या दिवशी चपलेला शिवता आल्या असत्या, पण त्यावर घरंच्या घरं जगली. त्या दिवसापासून वन्संच्या तोंडी त्यांचं नाव ‘गव्हाचे अध्यक्ष’. मीही इथं तेच वापरते.

लहानपणचं घर

शनिवारी सकाळी निघालो. नीलाची हॉस्पिटलात ड्यूटी होती, म्हणून आम्ही तिघंच. वन्संच्या मांडीवर स्टीलचा डबा आणि कापडी पिशवीत पूजेचं ताट. बाजरीचं पीठ आम्ही मिरजेहून नेलं होतं. गवार ऑस्टिनमध्ये मिळेना, तेव्हा सुपरमार्केटमधल्या फरसबीवर भागवलं होतं. “गवारीची चुलत बहीण समजा,” मी म्हटलं. वन्सं हसल्या नाहीत.

शहर सुटलं की मुलूख एकदम आपल्या जत-कवठ्याकडचा वाटायला लागतो. खडकाळ टेकड्या, वाळलेलं गवत, मधूनच गर्द हिरवी ठेंगणी ओकची झाडं. फक्त रस्ते असे की पोटातलं पाणी हलत नाही. कुंपणापलीकडे गुरं दिसली की वन्सं काचेला नाक लावायच्या. “थांब ना रे.” सुधीर म्हणायचा, “आई, कुणाच्याही फेन्समध्ये असं घुसायचं नसतं. टेक्सस आहे हे. लोक बंदूक घेऊन बाहेर येतात.”

अध्यक्षांचं लहानपणचं घर एका चिमुकल्या गावात आहे. पांढरं लाकडी, पुढं ऐसपैस ओसरी. पायरीशी जाताच वन्संनी चपला काढल्या. त्यांचं बघून मीही काढल्या. मग सुधीरचा नाइलाज झाला, त्यानं बूट काढले. आमच्या मागं एक अमेरिकन जोडपं होतं. त्यांना वाटलं हा इथला नियमच असावा. तीही बिचारी वाकून नाड्या सोडायला लागली! आत माहिती सांगणाऱ्या बाई पाच जणांचे अनवाणी पाय बघून क्षणभर बोलायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, “हाऊ नाइस.”

घर पाहून मला बरं वाटलं. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या घराचं काय करतात? पुतळा बसवतात, हार घालतात आणि मागच्या खोलीत खुर्च्या रचून ठेवतात. इथं चूल चुलीच्या जागी होती. लाकडं घालायची, लोखंडी. कपडे धुवायचं घंगाळ, लोणी काढायची रवी, हापसा. ह्या घरात तेव्हा वीज नव्हती. वन्संनी रवीकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे आपल्यासारखेच की गं हे. मला वाटलं अध्यक्ष म्हणजे राजवाड्यात जन्मले असतील.” अध्यक्षांची आई ओसरीवर गावातल्या मुलांना भाषणं करायला शिकवायची म्हणे. वन्सं तिच्या फोटोसमोर बराच वेळ थांबल्या.

तिथल्या एका तक्त्यावर अध्यक्षांनी केलेल्या कायद्यांची माहिती होती. सुधीर वाचून दाखवत होता. “आणि हा बघ आई, इमिग्रेशनचा. हा कायदा झाला म्हणून तर आपल्या लोकांना इथं यायला वाट मोकळी झाली. नाहीतर मी कुठला येतोय!”

वन्सं त्याच्याकडे वळल्या. “म्हणजे तुला ह्यांनीच आणलं?”

“असंच समज.”

“गहू दिला आणि मुलगा नेला,” वन्सं म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नाही. सुधीर मान खाली घालून पायरीशी बूट घालायला गेला. मीही उगाच हापसा कसा चालतो ते बघायला गेले.

दुपारी आम्ही गावातल्या एका छोट्या हॉटेलात बसलो. मी काही उपासाच्या वाटेला जात नाही. मक्याचा पाव, वाल शिजवून केलेलं गोडसर कालवण आणि वर पिकान नावाच्या अक्रोडाच्या भाऊबंदाचा ‘पाय’, म्हणजे गोड सारण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी, घेतला. काय सांगू, असला पाय! वन्सं समोर कोरा चहा घेऊन बसल्या होत्या, बिनसाखरेचा. सुधीरनंही काही मागवलं नाही. “भूक नाही,” म्हणाला. माझ्या घासाला जरा लाज वाटली, पण पाय संपवला.

रँच

रँचवर आपली गाडी नेता येत नाही. नदीच्या अलीकडे उतरायचं आणि सरकारी बसमध्ये बसायचं. सुधीरनं मुद्दाम शेवटची बस धरली, कारण पूजा जमेल तितकी कलत्या उन्हात व्हावी असा वन्संचा आग्रह. बस चालवणारी आणि माहिती सांगणारी एकच. डोना नावाची रेंजर. पन्नाशीची, चांगली आडव्या अंगाची, डोक्यावर चपटी हॅट.

नदीला पाणी बेताचंच. पलीकडे अध्यक्षांची शाळा, मग जिथं ते जन्मले त्या घराची पुन्हा उभारलेली नक्कल, मग ओकच्या झाडांखाली दगडी भिंतीच्या आत घराण्याची दफनभूमी. देशाचा अध्यक्ष, आणि आई-आज्यांच्या ओळीत निमूट निजलाय. वन्संनी खिडकीतूनच हात जोडले. पुढं मोठं घर लागलं, तिथं अध्यक्षांच्या पत्नी अजून राहतात, म्हणून आत नेत नाहीत. ते योग्यच. येताजाता परके लोक खिडकीतून डोकावायला लागले तर बाईनं केस कधी विंचरायचे?

इथवर सगळं झकास चाललं होतं. मग माझं लक्ष वन्संच्या हातांकडे गेलं. डब्यावर बोटं थरथरत होती. कपाळावर घाम. बसमध्ये तर पंखा चालू.

“सुधीर,” मी म्हटलं.

त्यानं मागं पाहिलं आणि ताडकन उठून आला. “आई, सकाळची शुगरची गोळी घेतलीस तू?”

“घेतली की,” वन्सं म्हणाल्या. “गोळीला काय उपास असतो?”

सुधीरचा चेहरा पांढरा पडला. गोळी घेऊन दिवसभर पोटात काही नाही, म्हणजे साखर किती खाली गेली असेल देव जाणे. त्यानं पिशवीतून संत्र्याच्या रसाची बाटली काढली. “हे पी. आत्ताच्या आत्ता.”

“पूजा झाल्यावर.”

“आई, प्लीज! तू बेशुद्ध पडलीस तर इथं माळावर मी काय करू? फळाचा रस आहे हा, चालतो उपासाला!”

“मला चालत नाही. इतकी वर्षं कोऱ्या चहापाण्यावर केलंय.” वन्संची जीभ किंचित जड झाली होती, पण हट्ट जागेवर होता. “आज मी तोंडात काही घातलं आणि तुला उद्या काही झालं, तर मी काय करू ते सांग.”

मी रागावले, चुचकारलं, “मी तुमची भावजय आहे, पण आज ऐकणार नाही,” असा दमही दिला. वन्सं खिडकीबाहेर बघत राहिल्या. तेवढ्यात डोनानं बस थांबवली. गुरांचा मोठा गोठा आला होता. आणि तिथं काय आवाज! गाई हंबरत होत्या, वासरं ओरडत होती, सगळा माळ त्या कल्लोळानं भरला होता.

सुधीरनं पळत जाऊन डोनाला गाठलं. काय काय सांगितलं कुणास ठाऊक. आई आजारी आहे, ती गाय पुजल्याशिवाय खाणार नाही, गाय वासरू असलेली हवी. इंग्रजीत हे सगळं सांगताना त्याचे दोन्ही हात हवेत फिरत होते. डोनानं ऐकून घेतलं, वन्संकडे एकदा पाहिलं आणि त्यांना हाताला धरून आत नेलं. बाकीच्या प्रवाशांना म्हणाली, “फोक्स, गिव्ह अस अ मिनिट.”

आत गेलो तर काय! मधे लोखंडी नळ्यांचं कुंपण. ह्या बाजूला गाई, त्या बाजूला वासरं. तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या धिप्पाड गाई कुंपणाला छाती लावून उभ्या, आणि पलीकडून वासरं नुसती आक्रोश करताहेत.

सुधीरनं विचारलं आणि मग आईला हळूच सांगितलं, “आई, आजच वासरं तोडली आहेत. वर्षातून एकदा करतात. मोठी झाली ना ती. आता दूध सोडून गवत खायला शिकायचं.”

घ्या! गाई हव्या तेवढ्या, वासरं हवी तेवढी, आणि गाय-वासरू एकही नाही. अख्ख्या टेक्ससमध्ये ह्यांना आजचाच दिवस सापडला होता. वन्संना सवत्स धेनू हवी. मी मनात म्हटलं, झालं, आता ह्या खाणार नाहीत आणि आपण इथून रुग्णवाहिकेतून जाणार.

वन्सं कुंपणाशी गेल्या. एक म्हातारीशी गाय होती, बाकीच्यांहून शांत. नळ्यांमधून नाक काढून पलीकडच्या एका वासराला हुंगत होती. वासरू चांगलं दांडगं, तिच्या खांद्याला लागणारं, आणि तरी तिच्या नाकाशी अंग घासत होतं. वन्सं बघत राहिल्या.

“हिचंच आहे ते,” त्या शेवटी म्हणाल्या. “मधे काय असायचं ते असू दे. ताट काढ, कुसुम.”

डोनाला आमचं ताट पाहून शंका आल्या. निरांजन लावायचं नाही, गवत वाळलेलं आहे, ठिणगी उडाली तर सगळा गोठा जाईल. बाहेरचं काही खाऊ घालायचं नाही, तो नियम. वन्सं म्हणाल्या, “बरोबर आहे तिचं. आपला गोठा असता तर मीही हेच म्हटलं असतं.” डोनानं त्या गाईला दोरी लावून धरलं. वन्संनी आमच्या बाजूच्या नळ्यांमधून हात घालून पायांवर पाणी घातलं, अक्षता टाकल्या, त्या पांढऱ्याशुभ्र कपाळावर कुंकू लावलं. इतकं ठसठशीत कुंकू मी जन्मात पाहिलं नाही. मग पलीकडे वाकून वासरालाही लावलं. ते बिथरून मागं सरलं, कुंकवाचं बोट नाकावर ओढलं गेलं. नैवेद्याच्या जागी डोनानं आपल्या हातानं मूठभर गवत आणून दिलं, ते वन्संनी गाईला भरवलं.

बाहेर काही प्रवासी फोटो काढत होते. त्यातल्या एका आजोबांनी हॅट काढून छातीशी धरली होती.

मला एका गोष्टीची धास्ती होती. ही गुरं दुधासाठी पाळत नाहीत, ते मला ठाऊक होतं, सुधीरला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघांनी वन्संना त्याचा वास लागू दिला नव्हता. निघताना वन्संनी गाईच्या मानेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला कळतं गं ह्यांचं पुढं काय होतं ते. दुधाचं एक भांडं दिसलं नाही गोठ्यात. पण आज ती आई आहे ना, तेवढं मला पुरे.”

गोठ्याबाहेर बाक होता. सुधीरनं तिथं त्यांना जवळजवळ उचलूनच बसवलं. आधी रस पाजला. ह्या वेळी वन्संनी बाटली तोंडाला लावली ती संपवूनच खाली ठेवली. मग डबा उघडला. बाजरीची भाकरी, फरसबी, थोडा गूळ. पहिला घास, दुसरा घास. मी त्यांच्या हातांकडेच बघत होते. हळूहळू थरथर थांबली. चेहऱ्यावर रंग आला. कुणीतरी माझ्या छातीवरची पाटी उतरवून ठेवल्यासारखं झालं मला. डोना जवळच उभी होती, बस थांबवून. कुणी कुरकूर केली नाही.

गोठ्यातून हंबरणं चालूच होतं.

“तिला विचार,” वन्सं सुधीरला म्हणाल्या, “ह्या गाई किती दिवस अशा ओरडतात?”

सुधीरनं विचारलं. डोना म्हणाली, दोन दिवस, फार तर तीन.

“आणि मग?”

मग चरायला लागतात, डोना म्हणाली. दोघंही.

वन्संनी घास चावून संपवला. “दोन-तीन दिवस,” त्या म्हणाल्या. “शहाण्या आहेत.” आणि मग सुधीरला म्हणाल्या, “पुढच्या वर्षीपासून मी वसुबारसेचा उपास करणार नाही. हे उद्यापन झालं.”

नवस म्हणजे नवस! माझा फारसा विश्वास नसला तरी असं कुणी सोडतं का? मी म्हटलं, “वन्सं, जन्मभर म्हणाला होतात तुम्ही.”

“वासरासाठी म्हणाले होते,” वन्सं म्हणाल्या. “हा काय वासरू राहिलाय का आता? टक्कल पडलंय मेल्याला.”

सुधीर हसायला गेला आणि त्याला रडूच फुटलं. चाळिशीला टेकलेला माणूस, बाकासमोर जमिनीवर उकिडवा बसला, आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. “आई, दर वर्षी ह्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरत नाही गं. तू तिकडे माझ्यापायी उपाशी आणि मी इथं काय खाऊ? नीलालाही कधी बोललो नाही. नुसता ‘काम आहे, काम आहे’ म्हणून जेवण टाळायचो. सुटलो गं मी आज.”

“तू कसला सुटतोस?” वन्संनी त्याच्या टकलावर हात ठेवला. “सुटले ती मी. दर वर्षी वाटायचं, यंदा गाय नाही मिळाली तर? यंदा मी आजारी पडले तर? एक चूक झाली की हा गेला. किती भ्यायले रे मी, किती वर्षं!”

आणि त्यांनी डब्यातली उरलेली भाकरी मोडली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली, आणि तो खायला लागेपर्यंत आपली अर्धी तशीच धरून बसल्या.